डार्सी भिजला, गोडबोले राहिले

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये मिस्टर डार्सी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ठणठणीत कोरडा आहे. १८१३ साली कादंबरी आली तेव्हा कोरडा होता आणि पुढची एकशे ऐंशीहून जास्त वर्षं त्याला भिजवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही. मग १९९५ साली बीबीसीने सहा भागांची मालिका केली. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. त्यांनी या घामाघूम झालेल्या गृहस्थाला घोड्यावरून उतरवलं, कोट काढायला लावला आणि स्वतःच्याच मालकीच्या तळ्यात सूर मारायला लावला. तळ्यातून निघून तो ओल्या सदऱ्यानिशी घरी चाललाय, तर समोर नायिका एलिझाबेथ. हे दृश्य लोकांनी असं काही डोक्यावर घेतलं, की आज निम्म्या जगाला ते ऑस्टिनबाईंनीच लिहिलंय असं वाटतं.

पुस्तकातला प्रसंग निराळा. एलिझाबेथ मामा-मामींबरोबर डार्सीची पेम्बर्ली बघायला गेली आहे, तीही मालक घरी नाही याची नीट चौकशी करून. वाडा बघून झाला, आता बाग दाखवायला माळी यायचाय, एवढ्यात तबेल्याच्या बाजूने मालक हजर. दोघंही लालबुंद. डार्सी घरच्यांची खुशाली विचारतो. उत्तर मिळतं. थोड्या वेळाने पुन्हा घरच्यांची खुशाली विचारतो. लाँगबोर्नच्या घरून कधी निघालात, हेही परत परत. मग बोलणं संपतं, नुसताच उभा राहतो आणि एकदाचा निघून जातो. ज्याची मान अर्धी कादंबरी ताठ होती त्याची अशी ततपप झालेली बघून वाचक मनातल्या मनात टाळी देतो. मालिकेत डार्सी झालेला कॉलिन फर्थ हा तर नुसत्या ततपपवर अख्खा भाग तोलून धरील असा नट. पण शूटिंग चेशरमधल्या लाइम पार्कात, आणि तळं तिथे आयतंच. आयतं तळं दिसल्यावर कोणता पटकथाकार स्वस्थ बसेल?

आता यातली गंमत अशी, की प्रत्यक्ष उडी फर्थने मारलीच नाही. तळ्याच्या पाण्यातून त्याला वाइल्स डिसीज होईल, ही निर्मात्यांना धास्ती. वाइल्स डिसीज म्हणजे आपला लेप्टो. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून ऑफिस गाठणाऱ्या मुंबईकराला लेप्टो काय आणि त्याची धास्ती काय, हे समजावून सांगायची गरज नाही. तर उडी मारली डमीने, पाण्याखालचं चित्रण झालं स्टुडिओतल्या टाकीत आणि अमर झाला फर्थ. २०१३ साली लंडनच्या सर्पेंटाइन तळ्यात भिजलेल्या डार्सीचा बारा फुटी फायबरग्लासचा पुतळा उभा राहिला. पुढे तो लाइम पार्कच्या तळ्यातही जाऊन आला. २०२४ साली तो सदरा लिलावात २०,००० पौंडांना गेला. सुकलेला.

ऑस्टिनबाईंच्या जगात माणसं भिजत नाहीत असं नाही. भिजतात, पण भिजल्यावर त्यांना सर्दी होते. एलिझाबेथची आई मिसेस बेनेट बघा. थोरल्या जेनला श्रीमंत शेजाऱ्याकडून जेवणाचं बोलावणं येतं, तर ही बाई तिला बग्गी न देता घोड्यावरून पाठवते. कारण आभाळ भरून आलंय, पोरगी भिजेल आणि मग तिला रात्री तिथेच ठेवून घ्यावं लागेल. जेन भिजते, तापाने फणफणते आणि चांगली काही दिवस तिथे मुक्काम ठोकते. आईचा आनंद गगनात मावत नाही. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’तली मॅरिअ‍ॅन मरणाच्या दारातून परत येते, ती कुणा वादळात सापडून नव्हे, संध्याकाळी ओल्या गवतातून भटकली आणि ओले बूट-मोजे तसेच ठेवून बसली म्हणून. हे वाचून आमची आत्या, जिने आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, एकदम खूश होते. “ही खरी लेखिका!” म्हणते. “पोरगी ओल्या मोज्यांनी बसली, तर पुढच्या पानावर डॉक्टर हजर!” १९९५ साली अँग ली यांनी या कादंबरीचा सिनेमा केला. पटकथा एमा थॉम्पसनची, तिला तिच्यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते रास्तच होतं. पण तिथेही गवतातल्या दवाचा धो धो पाऊस झाला आणि त्या पावसातून मॅरिअ‍ॅनला उचलून आणायला कर्नल ब्रँडनला धाडण्यात आलं. पुस्तकात कर्नलसाहेब तिच्या आईला आणायला बग्गीतून जातात. कामाची गोष्ट. पण बग्गीतून आईला आणणाऱ्या माणसाचं पोस्टर होत नाही.

२००५ साली जो राइटने ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ पुन्हा केला. त्यात डार्सीची पहिली मागणी स्टुअरहेडच्या बागेतल्या एका देवळात, मुसळधार पावसात, दोघंही निथळत असताना. पुस्तकात ती पाद्र्याच्या घरातल्या दिवाणखान्यात होते. एलिझाबेथचं डोकं दुखतंय, बाकीची मंडळी चहाला गेली आहेत, हा येतो, प्रकृतीची चौकशी करतो, बसतो, उठतो, येरझारा घालतो आणि मग तोंड उघडतो. उघडतो तेही हे सांगायला, की तुमची माणसं आमच्या तोलामोलाची नाहीत, तरी नाइलाजाने प्रेम जडलंय. असा अपमान चार भिंतींत, खुर्चीवर बसून ऐकला तरच लागतो. पावसात ऐकला तर माणूस म्हणेल, जाऊ द्या, आधी आडोशाला चला.

आत्याने हा प्रसंग आमच्याकडे टीव्हीवर पाहिला. शेंगा सोलत होती. डार्सीच्या नाकावरून पाणी गळतंय, एलिझाबेथ त्याला फाडफाड बोलतेय, दोघांचे चेहरे अगदी जवळ आलेत. आत्या म्हणाली, “अरे, कुणीतरी पंचा द्या त्यांना.” मग थोडं थांबून, “मुलगी मात्र गोड आहे हो.” माझ्या बायकोला हाच प्रसंग जीव की प्राण असल्यामुळे तिने आवाज वाढवला.

एक कबूल करायला हवं. त्याच सिनेमात डार्सी एलिझाबेथला बग्गीत चढताना हात देतो, वळून चालू लागतो आणि कॅमेरा फक्त त्याचा हात दाखवतो. बोटं एकदा ताणली जातात आणि सैल होतात. पुस्तकात हे नाही. पण असतं तर ऑस्टिनबाईंनी खोडलं नसतं असं मला वाटतं. आणि जाता जाता हेही नोंदवायला हवं, की त्या वेळी पाऊस पडत नव्हता.

त्याआधी १९४० साली हॉलिवूडच्या एमजीएमने हीच कादंबरी केली, तेव्हा पटकथाकारांत चक्क आल्डस हक्सले होता. त्या सिनेमात बायकांचे झगे पुढच्या काळातले, घेरदार, दारातून आडवं होऊन आत यावं लागेल असे. आणि लेडी कॅथरिन, म्हणजे पुस्तकातली डार्सीची आढ्यताखोर मावशी, शेवटी मनाने चांगली निघते; ती म्हणे मुलीची परीक्षाच बघत होती! हक्सलेसारख्या माणसाकडूनही स्टुडिओने ही मावससासू गोड करून घेतली.

आता ‘पुस्तकात असं नाहीये’ म्हणणाऱ्यांविषयी. ही जमात प्रत्येक घरात, ऑफिसात, फिल्म सोसायटीत असते. सिनेमा सुरू असताना त्यांचा श्वास वेगळा ऐकू येतो. नायकाने तोंड उघडलं की ते नाकाने हवा सोडतात. पण यांच्यातही पोटजाती आहेत. पुस्तक पूर्ण वाचलेले थोडे. अर्धं वाचलेले पुष्कळ. आणि पुस्तक घरात आहे, म्हणजे वाचल्यासारखंच आहे, असे सगळ्यात जास्त. एमिली ब्राँटीच्या ‘वदरिंग हाइट्स’बाबत ही मधली पोटजात भलतीच नशीबवान ठरली. १९३९ साली विल्यम वायलरने त्यावर सिनेमा केला, तो कादंबरीच्या मध्यावर नायिका कॅथी मेल्यानंतर थोडक्यात आटोपला. पुढची पिढी, तिची लग्नं, तिचे छळ, सगळं गुंडाळून ठेवलं. त्यामुळे अर्धंच पुस्तक वाचलेल्यांना तो तंतोतंत वाटतो.

निर्माता सॅम्युअल गोल्डविन याला मात्र नायक-नायिका मेलेले सोडवेनात. त्याने शेवटी दोघांची भुतं हातात हात घालून टेकडीकडे चाललेली दाखवायला सांगितली. वायलरने साफ नकार दिला. मग ते दुसऱ्या दिग्दर्शकाकडून, नायक-नायिका झालेल्या लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मर्ल ओबेरॉनच्या डमी वापरून उरकून घेतलं. भुतं बर्फातून चालतात. म्हणजे पाणी इथेही आहेच, फक्त गोठलेलं. यॉर्कशायरचं माळरान उभं केलं होतं कॅलिफोर्नियात.

पण या सिनेमातली खरी गंमत पडद्यावर दिसत नाही. कादंबरीचा नायक हीथक्लिफ हे पोर लिव्हरपूलच्या रस्त्यात सापडलेलं, काळंसावळं. त्याला पहिल्यांदा बघून शेजारचे लिंटनसाहेब जे तर्क करतात त्यांतला एक असा, की हा हिंदुस्थानी खलाश्याचा पोरगा असावा. इंग्रजांच्या जहाजांवर त्या काळी आपल्याकडचे खलाशी असायचेच, आणि त्यांत कोकण किनाऱ्यावरचेही. तर सिनेमात हा हीथक्लिफ झाला लॉरेन्स ऑलिव्हिए, सरे परगण्यातल्या डॉर्किंगचा अस्सल इंग्रज. आणि यॉर्कशायरची गोरी कॅथी झाली मर्ल ओबेरॉन, जी जन्मली १९११ साली मुंबईत, अँग्लो-इंडियन घरात. आपण टास्मानियात जन्मलो असं तिने जगाला सांगितलं आणि ते शेवटपर्यंत निभावलं. १९७९ साली ती गेल्यावर खरी हकिगत बाहेर आली. म्हणजे ज्याच्यावर हिंदुस्थानी असल्याचा संशय तो इंग्रज, आणि जिच्यावर संशय घ्यायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं ती मुंबईची. एमिली ब्राँटीला ही वाटणी कळती, तर तिने तिसरी पिढी लिहायला घेतली असती.

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चंही पाण्यापायी असंच नुकसान झालं. १८१८च्या त्या पुस्तकातला राक्षस बहुश्रुत गृहस्थ आहे. एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, फटीतून बघत तो भाषा शिकतो; रानात सापडलेल्या पेटीतून मिल्टन, प्लूटार्क आणि गटे वाचतो आणि मग आपल्या कर्त्याला भेटल्यावर प्रकरणंच्या प्रकरणं बोलतो. इतकं बोलतो, की एखाद्या व्याख्यानमालेला बोलवावं. १९३१च्या सिनेमात बोरिस कार्लोफला मिळाले फक्त हुंकार. पुस्तकात एक मुलगी ओढ्यात पडते, वाहून जाऊ लागते, तेव्हा हा राक्षस पाण्यात शिरून तिला वाचवतो आणि बक्षीस म्हणून बंदुकीची गोळी खातो. सिनेमात तो एका लहानगीबरोबर तळ्यात फुलं सोडतो, फुलं तरंगतात म्हणून तिलाही सोडतो. ती बुडते. दृश्य काळजाला घरं पाडणारं आहे, नाही म्हणत नाही. पण ज्याने बुडणारीला काढलं त्यालाच बुडवायला लावायचं, ही शुद्ध बदनामी झाली. मिल्टन वाचलेल्या माणसाने अब्रुनुकसानीचा दावा लावला असता.

आता येतो मी गोडबोल्यांकडे. खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं चाललंय.

ई. एम. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’त, १९२४च्या, प्रोफेसर नारायण गोडबोले आहेत. फॉर्स्टर १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचा खासगी सचिव होता. मराठी राज्य, मराठी दरबार. तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव त्याने आतून पाहिला. आणि या माणसाची नजर काय होती! गोडबोले पहिल्यांदा येतात तेच बघा: पिकलेल्या मिशा, राखाडी-निळे डोळे, गोऱ्या साहेबासारखा वर्ण, कोट, जाकीट, धोतर, डोक्यावर फिक्या जांभळ्या शेवयांचं गुंडाळं वाटावं असा फेटा, आणि पायांत नक्षीचे मोजे, नक्षी फेट्याच्या रंगाला जुळणारी. आडनाव झाकलं तरी मराठी वाचक गाव सांगेल. चहाला इतर जातिधर्मांची मंडळी आहेत, म्हणून त्यांचं टेबल जरा मागे, वेगळं. ते पाठीमागे हात लांबवतात आणि हाताला चुकून खाणं लागल्यासारखं करत खातात. कुणीही तिकडे बघत नाही. नंतर गाणं म्हणतात. त्यात कृष्णाला ये, ये म्हणून आळवलंय. चहाला आलेल्या म्हाताऱ्या मूरबाई आशेने विचारतात, दुसऱ्या एखाद्या गाण्यात तरी तो येतो ना? गोडबोले सांगतात, नाही, येत नाही. गुहांच्या सहलीला त्यांची आणि इंग्रज प्राचार्य फील्डिंगची गाडी चुकते, कारण गोडबोल्यांची पूजा लांबली. पुढे त्या सहलीवरून डॉक्टर अझीझला अटक होते, गावात दंगल पेटायच्या बेताला आलीय, फील्डिंग कपाळावर हात मारून बसलाय, आणि गोडबोले त्याला विचारायला येतात: आपल्या गावी शाळा काढतोय, तर नाव काय द्यावं? तुमचं दिलं तर?

हा माणूस मी दहा ठिकाणी पाहिलाय. बँकेत, संस्थेच्या वार्षिक सभेत, लग्नाच्या याद्या चालू असताना.

डेव्हिड लीनने १९८४ साली सिनेमा केला. पटकथा, दिग्दर्शन, संकलन, तिन्ही त्याचंच; म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी उरलंच नाही. अझीझ झाला व्हिक्टर बॅनर्जी, आणि उत्तम झाला. गोडबोले झाला अ‍ॅलेक गिनेस. स्टार वॉर्समधला ओबी-वान केनोबी! लीन आणि गिनेसची जोडी जुनी; १९४८च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये लीनने त्याला भलंमोठं नकली नाक लावून फॅगिन केलं होतं आणि त्या नाकापायी अमेरिकेत सिनेमा १९५१पर्यंत अडकला. गोडबोल्यांसाठी त्याला तपकिरी रंग फासला. पुस्तक उघडून बघितलं असतं तर रंगाचा खर्च वाचला असता: गोरा वर्ण, फिकट डोळे, दोन्ही गिनेसकडे जन्मजात होते. इतक्या वर्षांत एका इंग्रज नटाला जसंच्या तसं शोभेल असं हिंदी पात्र मिळालं, ते कोकणस्थ निघालं, आणि यांनी त्याला काळं केलं.

तेही चालवून घेऊ. पण पुस्तकाचा तिसरा भाग! मऊ नावाच्या संस्थानात गोकुळाष्टमी आहे. गोडबोले तिथे शिक्षणमंत्री झालेत, अनवाणी उभे राहून कीर्तन करतायत, तुकोबांना आईबाप म्हणून आळवतायत. दाटीवाटी, घाम, ढोल, चुकीच्या इंग्रजीत रंगवलेली पाटी. लोक कपाळावर लोण्याचा गोळा चिकटवून तो नाकावरून ओघळत तोंडात पडायची वाट बघतायत आणि मागून दुसराच येऊन तो पळवतो. बाहेर धो धो पाऊस. तलावात अझीझची होडी आणि फील्डिंगची होडी एकमेकींवर आपटतात, गोकुळाचं मातीचं तबक पाण्यात सोडणाऱ्या सेवेकऱ्यावर आदळतात आणि साहेब, मड्डम, डॉक्टर, वल्ही, खासगी पत्रं, सगळं एकदम पाण्यात! कुणी बुडत नाही. कुणी देखणंही दिसत नाही. वर्षानुवर्षं धुमसणारं भांडण गटांगळ्या खाताना विझून जातं.

म्हणजे इंग्रजी साहित्यात एकदा, एका लेखकाने आपणहून सगळ्यांना तळ्यात ढकललं. पाऊस होता, होड्या होत्या, ढोल होते. सिनेमावाल्यांना आणखी काय हवं होतं? आणि लीनने नेमकं तेच कापलं. शेवट नेला काश्मीरला, हिमशिखरांखाली, जिथे सगळे स्वच्छ आणि कोरडे. गिनेसने गोडबोल्यांसाठी एक नाच शिकून केला होता, तोही कात्रीत गेला, आणि गिनेस नाराज झाला तो झालाच.

याचं कारण मला असं दिसतं, की पाणी सिनेमाला वर्ज्य नाही, फजिती वर्ज्य आहे. डार्सी भिजला तर रुबाबदार होतो. फील्डिंगची बायको, एक भांबावलेला मेव्हणा आणि अझीझ असे चिखलात लडबडले, तर प्रेक्षक हसेल. आणि साम्राज्यावरच्या गंभीर सिनेमात, त्यातही ऑस्करच्या रांगेतल्या, हसून कसं चालेल? त्या सिनेमाला अकरा नामांकनं मिळाली, दोन ऑस्कर मिळाली: पेगी अ‍ॅशक्रॉफ्टच्या मूरबाईंना आणि मॉरिस जारच्या संगीताला. फॉर्स्टर मात्र कादंबरीभर हसतो, आणि सगळ्यात मोठ्याने शेवटी. त्याने हयातीत सिनेमाला परवानगीच दिली नाही; १९७० साली तो गेला आणि मगच वाट मोकळी झाली.

आता कुणीतरी यावर वेब सिरीज काढणार, हे ठरलेलं आहे. आठ भाग, दोन सीझन. तेव्हा गोडबोले म्हणून मराठी नट मिळेल अशी माझी भाबडी आशा आहे. पण लेखकांच्या बैठकीत पहिला प्रश्न येईल: यांची बॅकस्टोरी काय? मग गोडबोल्यांना रत्नागिरीच्या समुद्रावर एक पहिलं प्रेम मिळेल, त्यावर स्लो मोशनमध्ये पाऊस पडेल, शाळेचं नाव तिच्यावरून ठेवलं जाईल. पुस्तकातल्या त्या शाळेचं पुढे धान्याचं कोठार होतं आणि शिक्षणमंत्री गोडबोले ही बातमी फील्डिंगपासून शिताफीने लपवतात. ते अर्थात जाईल. युनिटची बस पहाटे पाचला निघेल. सगळे चढतील, निर्माता घड्याळ बघेल, कुणीतरी फोन लावेल, आणि घरचे सांगतील, आत पूजेला बसलेत, झालंच आता, पाच मिनिटं.